चौदावा खंड कुणी अडवला

दरवर्षी नऊ फेब्रुवारीला अपोलोनियाआत्याच्या नामदिनाचं, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाचं, जेवण लांबायचं, कारण बीटचं सार आणि मासे यांच्या मध्ये प्रुफं वाचायची असत. छापखान्याला ती दहा तारखेला परत हवी असत आणि आत्या ‘ओल्शिना वार्षिकी’ या गावच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकाची पहिल्या खंडापासूनची चिटणीस. तेव्हा सेवेरिनआजोबांनी एकोणसाठ वर्षांपूर्वी ही दोन्ही कामं बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर एकत्र आणून ठेवली, ती ठेवलीच. पद्धत ठरलेली होती. एकाने मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने मूळ प्रत समोर धरून ताडायचं. ज्याचा लेख, त्याने तोंड उघडायचं नाही. चूक दिसली तर वाचणाऱ्याला थांबवायचं; मत असेल तर ते पान संपेपर्यंत गिळायचं.

आजोबा जाऊन अठरा वर्षं झाली होती. मत गिळायला घरात अजून कुणालाच जमलं नव्हतं.

यंदा वाचायला बाबा होते, ताडायला आत्या, आणि लेख होनोराताचा. शीर्षक ‘ओल्शिना वार्षिकी : साठ खंडांचा इतिहास’. होनोराता जुनं लाकूड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची, इतिहासाशी तिचा संबंध नव्हता. पण साठाव्या खंडासाठी साऱ्या लेखांची सूची कुणीतरी करायलाच हवी होती आणि बाबा म्हणाले होते, “तुला मोजायला आवडतं ना, मग हे मोज.” तिने मोजले. एक हजार एकशे त्रेचाळीस लेख, आणि एक भोक. तेराव्या खंडानंतर एकदम पंधरावा.

ते भोक काही तिचा शोध नव्हता. जगातल्या नेटक्या ग्रंथपालांनी तो कधीच लावला होता. ‘आमच्या संग्रहात आपला खंड १४ आढळत नाही, कृपया पाठवावा.’ गेल्या तीन वर्षांत अशा एकतीस पत्रांना तिने एकटीने उत्तरं दिली होती. उत्तर ठरलेलं होतं आणि गावातलं शेंबडं पोरही ते सांगू शकलं असतं. १९७३ साली सेन्सॉरने चौदावा खंड अडवला, सेवेरिनआजोबांनी राजधानीला जळजळीत निषेधपत्र पाठवलं, त्यापायी त्यांचं मुख्याध्यापकपद गेलं आणि पुढची चार वर्षं ते पहाटेची बस धरून एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला जात राहिले. शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नावाचा पितळी फलक होता. मे महिन्यात नगरभवनात प्रदर्शन भरायचं होतं, ‘रोखलेला खंड’. त्याची निमंत्रणं गेलीसुद्धा होती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, वार्षिकीच्या जुन्या, आता बंद पडलेल्या छापखान्याच्या दप्तरात, होनोराताला ते फोल्डर सापडलं होतं.

तिने बाबांना सांगितलं नव्हतं. लेखात लिहिलं होतं मात्र. टेबलावर वाचताना पान संपेपर्यंत कुणी ओरडू शकणार नाही, हा तिचा हिशेब. भित्रेपणाला हिशेब म्हणतात, हे तिला आता, सार थंड होताना, कळत होतं.

“‘चौदाव्या खंडाच्या बाबतीत, स्वल्पविराम,’” बाबा आपल्या जाहीर कार्यक्रमाच्या आवाजात वाचत होते, “‘उपलब्ध कागदपत्रे वेगळेच चित्र दाखवतात, पूर्णविराम. खंडाच्या छपाईस सेन्सॉर कचेरीने ३ ऑक्टोबर १९७३ रोजी परवानगी दिली होती —’ दिली नव्हती. टंकाची चूक आहे. आत्या, मुळात काय आहे?”

आत्याची ताडायची पट्टी त्या ओळीवर केव्हाच पोचली होती. “मुळात ‘दिली होती’ आहे,” ती म्हणाली.

“मग मुळातच चूक आहे.”

“मुळातली चूक पान संपल्यावर,” लेशेककाका म्हणाले. ते आत्याचे एकुलते एक चिरंजीव, व्यवसायाने दंतवैद्य. “तोंड उघडं ठेव बोगुमिल, दुखणार नाही.”

बाबांनी होनोराताकडे पाहिलं. तिने काट्याने हेरिंग माशावरचा कांदा बाजूला सारला.

“‘शिक्कामोर्तब झालेली प्रुफे ११ ऑक्टोबर रोजी छापखान्यातून परत नेण्यात आली, पूर्णविराम. सोबतचा अर्ज संपादक मंडळाचा आहे, पूर्णविराम. यावरून असे दिसते की, स्वल्पविराम, चौदावा खंड सेन्सॉरने रोखला नसून, स्वल्पविराम, संपादक सेवेरिन यांनी स्वतःच —’”

बाबांनी कागद टेबलावर आपटला. साराच्या भांड्यावरचं झाकण खणखणलं.

“स्वतःच काय?”

“मागे घेतला, पूर्णविराम,” लेशेककाकांनी वाक्य पुरं केलं. त्यांचा चेहरा उजळला होता. जन्मभर ज्या मामाच्या फलकासमोर त्यांना फुलं ठेवायला लावलं गेलं, त्या मामाबद्दल असं काही ऐकायला मिळेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसावं. “शाब्बास होन्का! हा लेख मी विकत घेऊन वाचेन.”

“लेशेक, जेवा,” आई म्हणाली. नवऱ्याचे कान लाल झाले की विषय जेवणाकडे वळवायचा, हा ग्राझिनाबाईंचा तीस वर्षांचा अनुभव. “बोगुमिल, तूही बस. नामदिन आहे आत्यांचा.”

“बसू? उद्या सकाळी नऊला हे छापायला जाणार आहे! मे महिन्यात मी तीनशे लोकांसमोर उभा राहणार आहे! आणि माझी मुलगी लिहिते की आजोबांनी आपलाच खंड आपणच बुडवला आणि वर चार वर्षं हुतात्म्याचा आव आणला?”

“आव आणला असं मी कुठेच लिहिलेलं नाही. अर्जाची तारीख आहे, परवानगीचा क्रमांक आहे. छापखान्यात राहिलेल्या प्रुफांच्या दुसऱ्या प्रतीत प्रत्येक सोळापानी फर्म्यावर कचेरीचा शिक्का आहे, बाबा. दाखवू?”

“तुला तीन आठवडे तोंड नव्हतं?”

“ज्याचा लेख त्याने तोंड उघडायचं नाही ना?”

“लेखाबद्दल! बापाशी बोलायचंच नाही असा नियम नाहीये!”

होनोराताने पिशवीतून फोल्डरच्या छायाप्रती, दोन संच, काढल्या आणि बाबांसमोर ठेवल्या. बाबांनी त्या बघायच्या नाहीत असं ठरवलं आणि मग बघितल्याच.

“हा परिच्छेद निघेल,” ते म्हणाले. “संपादक मी आहे.”

“काढ, काढ,” लेशेककाका म्हणाले. “वार्षिकीत सेन्सॉर नव्हता म्हणून वाईट वाटत होतं ना तुम्हाला? आता आला.”

“तू गप्प बस. तुझं काय जातंय यात?”

“माझं? त्या खंडात माझ्या वडिलांचा लेख होता, बोगुमिल. त्यांनी लिहिलेला शेवटचा. त्यानंतर बावीस वर्षं ते खिडकीशी बसून शब्दकोडी सोडवत होते. सेन्सॉरमुळे, असं समजून मी मोठा झालो. आता कळतंय की मामांमुळे. तेव्हा माझं जातंय थोडंफार.”

बाबा खाली बसले.

“बोगुमिल,” आत्या म्हणाली, “वडिलांवर चिडू नकोस. आणि लेशेक, मामावर तर मुळीच नको.” तिने पट्टी ओळीवरून उचलून बाजूला ठेवली. “होन्का, हे वाक्य चुकलंय तुझं. परवानगी बरोबर, तारखा बरोबर. अर्ज संपादकांचा नाही. संपादक तेव्हा दीड महिना सॅनेटोरियममध्ये होते, छातीच्या दुखण्यासाठी. अर्ज चिटणिसाने दिला.”

होनोराताने छायाप्रत ओढून घेतली. ‘संपादक मंडळातर्फे’, खाली गोल शिक्का, आणि शिक्क्यातून बाहेर डोकावणारं एक वेटोळं. तिने शिक्का वाचला होता आणि सही गृहीत धरली होती. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर तिनेच त्याची वही परत पाठवली असती.

“हे तुझ्या नावातलं ‘ए’ आहे?”

“घाईतलं. छापखान्याच्या खिडकीत उभ्याने केलेलं.”

“आई,” लेशेककाका म्हणाले, “काय सांगतेस तू?”

आत्या सांगू लागली, आणि सांगतानाही ती चिटणीसच होती. आधी तारीख, मग घटना. सेवेरिन सॅनेटोरियममध्ये गेला ते ऑगस्टअखेर. त्या वर्षी रखडलेला खंड तिच्यावर आणि झेनोनवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर, सोपवून. झेनोन उपसंपादक होता. नदीतल्या ओकच्या खुंटांवर सेवेरिनचं पुस्तक नुकतंच निघालं होतं. खुंट बाराव्या शतकातल्या पुलाचे, म्हणून गाव बाराव्या शतकातलं. झेनोनला ते पटत नव्हतं. तीनदा त्याने तोंडावर सांगितलं, तीनदा सेवेरिन हसला. मग झेनोनने परीक्षण लिहिलं, सात पानी, आणि खंडात घातलं.

“मीच टंकलं. एकही चूक न करता. कचेरीने दहा दिवसांत शिक्का मारून परत पाठवलं, त्यांना खुंटांचं काय पडलंय! आणि मी ती प्रुफं घेऊन छापखान्यात निघाले. तेव्हा आपण सगळे एकाच घरात राहत होतो. खाली सेवेरिन, वर आम्ही. रविवारी सूप एकाच भांड्यातलं. मला वाटलं, हे छापून आलं तर या भांड्याचे दोन तुकडे होतील. म्हणून खिडकीतल्या बाईला म्हटलं, मागे घेते. आणि घरी येऊन सांगितलं की कचेरीने अडवला.”

“दोघांनाही?”

“झेनोनला तोंडी, सेवेरिनला पत्राने. कोण तपासणार? आयुष्यात एकदाच त्या कचेरीचा काही दोष नव्हता, आणि त्यावर विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या देशात सापडला नसता.”

आई हसू दाबायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते साधत नव्हतं.

“म्हणजे बाबांनी मागे घेतला नाही!” बाबांचा चेहरा खुलला. “होन्का, ऐकलंस? त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचा निषेध खरा होता. हे लिही, हे जसंच्या तसं छाप —” आणि मग ते थबकले. “पण मग ती पत्रं...”

ती पत्रं सगळ्यांनाच माहीत होती. आजोबांच्या निषेधाला कचेरीने तीनदा लेखी उत्तर दिलं होतं की, महोदय, आम्ही आपल्या खंडावर कोणतीही बंदी घातलेली नाही. आजोबांनी ती तिन्ही पत्रं जपून ठेवली होती आणि बाबांनी ती प्रदर्शनासाठी काचेत बसवून घेतली होती. वर मथळा होता, ‘निर्लज्जपणाचे तीन नमुने’.

“ती खरी होती,” आत्या म्हणाली. “तिसऱ्यात तर बिचाऱ्याने विनवलंय, कृपया चिटणिसांकडे चौकशी करावी. सेवेरिनने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, बघ, किती कोडगे आहेत, आता तुझ्यावर ढकलतायत.”

“आणि तरी तू बोलली नाहीस?”

“तोवर नोकरी गेली होती त्याची. निषेध करेल असं मला वाटलंच नव्हतं, बोगुमिल. तो सॅनेटोरियममधून धापा टाकत आला होता! मला वाटलं, चार शिव्या घालेल आणि पंधराव्याला लागेल. पण तो तर असा पेटला... आणि झेनोन त्याच्या बाजूने उभा. बस चुकायची तेव्हा झेनोन त्याला मोटरसायकलवर सोडून यायचा. जन्मात दोघांचं कधी इतकं जमलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगू, की जिच्याविरुद्ध तुम्ही एक व्हायला हवं होतं ती मीच आहे?”

“मामांशी जमलं,” लेशेककाका हळू आवाजात म्हणाले. “आणि आमच्याशी? ‘जिथे नदीतल्या खुंटांवरही बंदी येते तिथे लिहायचं कशाला?’ मी अकरा वर्षांचा होतो. हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. एकदा, आई! मामांना नाही, निदान बाबांना तरी सांगायचंस! त्यांनी पेन खाली ठेवलं ते तुझ्या थापेमुळे!”

“लेशेक, आत्यांचं वय काय, तुम्ही बोलता काय,” आई म्हणाली.

“वहिनी, वय तेव्हा सदतीस होतं.”

“बरोबर आहे त्याचं,” आत्या म्हणाली. “मला वाटलं, मी भांडण वाचवलं. सेवेरिनने पंधराव्यात उत्तर दिलं असतं, झेनोनने सोळाव्यात प्रत्युत्तर. दहा वर्षं गुरगुरले असते एकमेकांवर. तेच तर काम होतं त्यांचं. मी कामच काढून घेतलं. चौदा हा आकडा मात्र मी कुणाला देऊ दिला नाही. सेवेरिन म्हणत होता, पुढच्यालाच चौदा म्हणू. मी म्हटलं, नाही. तो भरलेला आहे.”

एकतीस पत्रं, होनोराताच्या मनात आलं. राग यायला हवा होता. पण तो नक्की कुणाचा आणि किती, याची वाटणी तिला जमेना.

“बरोबर कोण होतं?” आत्याने एकदम विचारलं.

“कशात?”

“खुंटांत गं. तू दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणी उतरलं तेव्हा गिरमिट घेऊन नदीत उभी होतीस, मी खिडकीतून बघितलंय. कधीच बोलली नाहीस. सेवेरिन म्हणायचा बारावं शतक, झेनोन म्हणायचा चौदावं. कोण बरोबर?”

हा प्रश्न आज कुणी विचारू नये असं होनोराताला मनापासून वाटत होतं. तिने बाबांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. दोघंही आपापल्या वडिलांचे वकील असल्यासारखे पुढे झुकले होते.

“नऊ खुंटांचे नमुने घेतले,” ती म्हणाली. “पाचांवर साल शाबूत होती. वाढीची वर्तुळं मोजून सगळ्यांचं उत्तर एकच येतं. झाडं १७८६-८७च्या हिवाळ्यात तोडलेली आहेत. तेव्हा इथे ऑस्ट्रियाचं राज्य, म्हणजे ऑस्ट्रियन सैन्याचा पूल असणार.”

“सतराशे?” बाबा म्हणाले.

“शहाऐंशी.”

“दोघंही?”

“दोघंही. झेनोनआजोबा दोनशे वर्षांनी कमी चुकले. साधारण.”

आत्याने डोळे मिटले. तिचे खांदे हलायला लागले तशी आई घाबरून उठली, पण आत्या हसत होती. आणि मग हसत नव्हती. आणि आईने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा दोन्ही एकदमच चाललं होतं.

“ऑस्ट्रियन,” ती म्हणाली. “अरे देवा. सेहेचाळीस वर्षं मी तोंड दाबून बसले ते ऑस्ट्रियन पुलासाठी?”

लेशेककाकांनी चेरीच्या दारूची बाटली उघडली आणि न विचारता पहिला पेला आत्यासमोर ठेवला. राग गेला असं नव्हे. पण पेला ठेवला.

तिने तो एका घोटात संपवला. “बोगुमिल, झेनोनचं परीक्षण छाप.”

“काय?”

“या खंडात. आहे तसं. मी छापखान्यातून उचललं ते. होन्काच्या लेखात ‘संपादकाने’ खोडून ‘चिटणिसाने’ घाल, आणि मागे ते सात पानांचं परीक्षण लाव.”

“आत्या, ते चुकीचं आहे,” होनोराता म्हणाली. “निष्कर्ष चुकीचा आहे हे माहीत असताना आपण —”

“चुकीचं तर चुकीचं. वार्षिकीत दरवर्षी चुकीचे लेख छापून येतात. तुझ्या आजोबांचे तीस वर्षं आले. झेनोनला एकदा तरी रीतसर चुकू दे. पुढच्या वर्षी तू तुझ्या वर्तुळांनी दोघांनाही खोड. पण आधी छापलेलं असलं तरच खोडता येतं ना?”

यात खोट काढता येत नव्हती. होनोराताने दोन बाजूंनी प्रयत्न करून पाहिला.

“जागा नाही,” बाबा म्हणाले. “फर्मे लागलेत. सोळा पानांच्या हिशेबाने शेवटचं पानसुद्धा भरलंय. सात पानं मी कुठून आणू?” पण हे म्हणताना ते गठ्ठा पुढून चाळायला लागले होते. महापौरांच्या शुभेच्छा, दोन पानं. प्रांताधिकाऱ्यांच्या शुभेच्छा. बिशपसाहेबांचे आशीर्वाद, दीड पान. अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या शुभेच्छा, छायाचित्रासह. “महापौर रागावतील.”

“तू रागावलास त्यापेक्षा जास्त?” आईने विचारलं.

“प्रदर्शनाचं काय करू? त्या काचेतल्या पत्रांचं?”

“मथळा बदल,” आई म्हणाली. “पत्रं चांगली आहेत.”

बाबांनी बराच वेळ महापौरांचा फोटो न्याहाळला. मग लाल पेन्सिल घेतली आणि शुभेच्छांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारल्या, पानामागून पान. अग्निशमन दलापाशी किंचित थांबले. तिथेही मारली.

“पण वाचल्याशिवाय जाणार नाही,” ते म्हणाले. “वार्षिकीत न वाचलेलं काही छापत नाही. कोण वाचतंय?”

आत्याने मान हलवली. तिच्याच्याने होणार नव्हतं. काका सख्खे वारस, त्यांना नियमाने बोलता येत नव्हतं, आणि त्यांचा हात बाटलीवर तसाच राहिला होता. होनोराताने छायाप्रती उचलल्या, पण बाबांनी त्या तिच्या हातातून काढून घेतल्या, चष्मा पुसला आणि जागेवर ताठ बसले. दुसरा संच त्यांनी तिच्याकडे ताडायला सरकवला.

“‘परीक्षण, पूर्णविराम,’” त्यांनी सुरुवात केली. आवाज कार्यक्रमाचा नव्हता. “‘ग्रंथ जाड आहे, स्वल्पविराम, नकाशे सुरेख आहेत, पूर्णविराम. लेखकाने नदीतील खुंट मोजले, स्वल्पविराम, त्यांची चित्रे काढली, स्वल्पविराम, त्यांच्यावर बसून फोटोही काढून घेतला, अर्धविराम. यांपैकी एखादा त्याने चावून पाहिला असता, स्वल्पविराम, तर निदान दातांविषयी तरी काही नवी माहिती हाती आली असती, पूर्णविराम.’”

बाबा थांबले. “असंच आहे मुळात?”

“असंच आहे,” होनोराता म्हणाली.

लेशेककाकांच्या नाकातून एक आवाज निघाला. त्यांनी आत्याकडे पाहिलं.

“हे बाबांनी लिहिलंय?”

“टंकताना मला दोनदा थांबावं लागलं होतं,” आत्या म्हणाली. “खाली ऐकू गेलं असतं.”

“ते असे होते?”

बाबांनी पान सरळ केलं, बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.

“पुढे वाचू?”

“नाही,” काका म्हणाले. “तेच परत वाच.”

आपल्या वडिलांची सात पानी टर हातात धरून बसलेल्या बाबांनी मान डोलावली आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश, एकही स्वल्पविराम न गाळता.